गाण्यांचा नकाशा आणि गावाची वेस

एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी महाराष्ट्राचा मोठा नकाशा रंगवून भिंतीवर लावला होता. शीर्षक होते, 'महाराष्ट्र काय गातो?' सिंधुदुर्गावर दशावतार, खानदेशावर वहीगायन, झाडीपट्टीवर दंडार आणि खडीगंमत, जव्हार-डहाणूवर तारपा, पश्चिम महाराष्ट्रावर लावणी-पोवाडा. प्रत्येक विभागाला वेगळा रंग. काम नेटके होते, मुलांनी मेहनत घेतली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी बराच वेळ नकाशासमोर उभी होती. ती म्हणाली, "सर, आमच्या वस्तीत जे गातात ते ह्यात कुठंच नाही." संयोजकांना विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "भीमगीतं कुठल्या एका विभागाची नाहीत ना! शिवाय ती राजकीय. लोकगीतांत कशी धरणार?"

हे उत्तर कुणी दुष्टाव्याने दिले नव्हते, म्हणूनच ते मला अधिक महत्त्वाचे वाटले. नकाशा तयार करणाऱ्यांनी आम्हाला मुद्दाम वगळले नव्हते. नकाशाची रीतच अशी होती की तीत आम्ही बसत नव्हतो. ही रीत काय आहे आणि ती वाचायची कशी, याचा विचार या लेखात करायचा आहे. संगीताच्या अभिरुचीचे नकाशे आता केवळ संमेलनाच्या भिंतीवर राहिलेले नाहीत. मोबाइलवर कोण काय ऐकतो याची नोंद कंपन्यांकडे क्षणोक्षणी जमा होते आणि त्या नोंदीवरून 'अमुक प्रदेशाला अमुक गाणे आवडते' असे नकाशे निघतात. वर्तमानपत्रे ते छापतात, आपले विद्यार्थी ते खरे मानतात.

प्रथम आकड्यांची गोष्ट. २०१४ साली अमेरिकेत असा एक नकाशा फार गाजला. प्रत्येक राज्यावर एका गायकाचे किंवा वाद्यवृंदाचे नाव होते. लोकांनी तो 'प्रत्येक राज्याचा आवडता कलावंत' म्हणून वाचला आणि वाद घातला. वास्तविक तो आवडत्या कलावंतांचा नकाशा नव्हताच. इतर देशाच्या मानाने त्या राज्यात जो अधिक ऐकला जातो, त्याचे ते नाव होते. सर्वाधिक ऐकलेला आणि इतरांहून वेगळा ठरणारा, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडचे उदाहरण घेऊन पाहू. पुणे, नागपूर, रत्नागिरी या तिन्ही जिल्ह्यांत सर्वाधिक ऐकली जाणारी गाणी मोजली तर वरची बरीचशी तीच निघतील, सिनेमाची. सगळा नकाशा एकरंगी होईल आणि तो कुणी छापणार नाही. म्हणून नकाशा करणारा प्रश्न बदलतो: इथे इतरांपेक्षा वेगळे काय ऐकतात? समजा एखादे गाणे एका जिल्ह्यात शंभरांतले दोघे ऐकतात आणि राज्यात हजारांतला एक. प्रमाण वीसपट भरले. त्या गाण्याचा रंग अख्ख्या जिल्ह्याला लागतो. वाचणारा म्हणतो, या जिल्ह्याला हे गाणे आवडते. शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांनी ते ऐकलेले नाही, हे रंगाखाली झाकले जाते.

आता याच दोन रीतींतून भीमगीत घालून पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ५.८ टक्के, म्हणजे ६५ लाखांच्या आसपास आहेत, आणि अनुसूचित जाती सुमारे ११.८ टक्के. हे लोक एका कोपऱ्यात राहत नाहीत. राज्यभर गावोगाव, गावाच्या कडेला राहतात. 'सर्वाधिक काय ऐकतात' असे विचारले तर आम्ही सगळीकडे अल्पसंख्य, म्हणून नाही. 'इतरांहून वेगळे काय' असे विचारले तर आम्ही थोडेथोडे सगळीकडे, म्हणून पुष्कळ जिल्ह्यांत पुन्हा नाही. विदर्भात बौद्धांचे प्रमाण जास्त, तिथे कदाचित रंग लागेल. मग 'भीमगीत हे विदर्भाचे गाणे' असा नवा गैरसमज तयार होईल. जे गाणे कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत एकाच दिवशी, चौदा एप्रिलला, एकाच आवेशाने गायले जाते, ते नकाशावर एक तर दिसत नाही किंवा प्रादेशिक ठरते. संयोजकांचे म्हणणे एका अर्थाने खरेच होते: ते कुठल्या एका विभागाचे नाही. मात्र ते एका समाजस्थितीचे आहे, आणि ती स्थिती प्रत्येक विभागात आहे. प्रदेशाची कूस बदलली तरी वेस बदलत नाही.

मी कासार आंबोलीचा. पुण्याहून पौडकडे जाताना भूगाव, भुकूम, पिरंगुट टाकले की आमचे गाव येते. घरातला पहिला पदवीधर मी. शाळेत भूगोलाच्या तासाला आम्हाला मावळ पट्टा, भातशेती, पाऊस शिकवला. गाव म्हणून जे काही सामायिक होते ते हे. पण कानाने मी ज्या गावात वाढलो त्याचे दोन भाग होते. एका भागातून भजन, ढोल-लेझीम आणि काकड आरती ऐकू यायची. दुसऱ्या भागात, आमच्याकडे, वंदना व्हायची आणि कॅसेट लागायची. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. दोन्हींत अंतर दोनशे पावलांचे. हा भेद राज्याच्या कुठल्याही नकाशात उमटणार नाही, कारण त्या मापावर कासार आंबोली हा एक ठिपकासुद्धा नाही.

गंमत अशी की त्या दोनशे पावलांपलीकडच्या भजनापेक्षा शेकडो कोस दूरच्या नागपूरचे किंवा मनमाडचे गाणे आम्हाला जवळचे होते. ते आमच्यापर्यंत कसे आले? त्याची वाट पाहिली म्हणजे नकाशाचा दोष स्पष्ट होतो. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात गणपतीच्या जागी प्रबोधन भरले. तीच रीत पुढे आंबेडकरी जलशांनी घेतली. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात जलसा गावोगाव नेला. वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, मुंबईत मजुरी केली, मोठेपणी अक्षर शिकले आणि २००४ पर्यंत राज्यभर गात हिंडले. अण्णा भाऊ साठे वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे, पण त्यांची शाहिरी मुंबईच्या कामगारवस्तीत घडली. अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. आता सांगा, वामनदादांचा ठिपका कुठे द्यायचा? नाशिकवर? मुंबईवर? की सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर कॅसेट घेऊन गावी परतणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पिशवीवर? या गाण्याचा नकाशा काढायचा तर विभाग रंगवून भागणार नाही. रेल्वेची, गिरणीची, दीक्षाभूमीची, जयंतीच्या मंडपाची वाट काढावी लागेल. ही गाणी प्रदेशात रुजलेली नाहीत, ती वाटेवर रुजली आहेत.

नकाशाचा दुसरा दोष अधिक खोल आहे. नकाशा जे ऐकू येते तेवढेच दाखवतो. जे बंद केले ते दाखवत नाही.

'हलगी : पश्चिम महाराष्ट्र' असे नकाशावर लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, या भागातल्या लोकांना हलगी आवडते. गावगाड्यात हलगी, डफ, सनई कुणी वाजवायची हे आवडीने ठरत नव्हते, जन्माने ठरत होते. लग्न असो, जत्रा असो, मढे असो, दवंडी असो, वाजवणारा दारात उभा राहणार आणि ऐकणारा ओट्यावर बसणार. एकाची अभिरुची ही दुसऱ्याची वेठ होती. पट्ठे बापूरावांचे नाव लावणीच्या इतिहासात ठळक आहे. ज्या पवळाबाईच्या पायांनी ती लावणी महाराष्ट्रभर नेली, ती महार समाजातली होती, हे मात्र शोधून सांगावे लागते. लावणीला 'प्रदेशाचे लेणे' म्हटले की तो पाय आणि ती जात दोन्ही पुसली जातात.

१९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे सोडण्याची हाक दिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले. १९५८ च्या कायद्याने महारकी वतन गेले. या तीस वर्षांत गावोगाव माणसांनी वाद्ये खाली ठेवली. जागरण, पोतराजाचा कोरडा, देवीपुढचा नाच सोडला. काही ठिकाणी त्याबद्दल बहिष्कार सोसला. एका समाजाने ठरवून, किंमत मोजून मौन धरले, आणि मग नवे गाणे उभे केले. हे मौन आमच्या संगीताच्या इतिहासातले फार मोठे पान आहे. ऐकलेल्या गाण्यांच्या गणतीत ते शून्य म्हणून येईल. समाजशास्त्राचा विद्यार्थी ते शून्य पाहून लिहील, 'या गटात वाद्यपरंपरा क्षीण आहे.' नकाराची नोंद जर अभावाची नोंद म्हणून होणार असेल, तर असा नकाशा आमच्याविषयी खोटे बोलतो, आकडे सगळे बरोबर असले तरी.

पण या ठिकाणी आपल्यालाही आरशासमोर उभे राहावे लागेल. आम्ही हलगी ठेवली, मातंग समाजातल्या अनेकांना ती ठेवता आली नाही, पोट तिच्यावर होते. आज जयंतीच्या मिरवणुकीत हलगी लागते तेव्हा ती वाजवायला आपण त्याच माणसाला बोलावतो, पैसे देतो आणि पंगतीला कुठे बसवतो? मी हे पाहिलेले आहे. ज्या रचनेविरुद्ध आपण मौन धरले तीच रचना आपल्या मंडपात शिरत असेल तर आपल्या नकाशावरही एक वेस आहे, ती आपण आखलेली आहे.

आणि एक गोष्ट माझ्या स्वतःच्या घरातली. माझी आजी जात्यावर ओव्या गायची. चक्की आल्यावर जाते कोपऱ्यात गेले, पण हळदीच्या वेळी ते बाहेर निघे आणि आजी गाऊ लागे. तिच्या ओव्यांत विठ्ठल होता, राम-सीता होती, भाऊ होता, माहेरची वाट होती, आणि त्याच दमात भीमराव होते, कोट घातलेले, मोटारीतून आलेले. मी तेव्हा बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होतो, चळवळीचे वाचत होतो. मी तिला म्हणालो, "आजी, आपण बौद्ध झालो. विठ्ठल आता कशाला?" तिने माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मी एकटा. ती म्हणाली, "बरं बाबा," आणि गप्प झाली. पुढच्या लग्नात कुणी आग्रह केला तरी गायली नाही. ती गेली तेव्हा एकही ओवी मी लिहून घेतलेली नव्हती. समाजाने धरलेले मौन आणि मी आजीवर लादलेले मौन एक नव्हे, हे मला कळले तेव्हा उशीर झाला होता. पहिल्या मौनात माणूस स्वतः ठरवतो. दुसऱ्यात शिकलेला न शिकलेल्याला ठरवून देतो, आणि ही जुनीच ब्राह्मणी रीत आहे, फक्त ती माझ्या तोंडून निघाली होती.

आजीच्या बाबतीत मी जे केले नाही ते इतर बायकांच्या बाबतीत आमच्याच तालुक्यात दुसऱ्यांनी केले. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात मुळशीच्या डोंगराळ गावांतल्या गरीब बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत गेले. राज्यातल्या हजारावर गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या, पुढे अनेक ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने सर्वांना वाचायला-ऐकायला खुल्या झाल्या.

या संग्रहाचा नकाशा काढला तर पुण्याच्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग दाट ठिपक्यांनी भरणारच. त्यावरून 'मुळशी-मावळच्या बायका अधिक ओव्या गातात' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चूक ठरेल. काम जिथून सुरू झाले तिथे ठिपके दाट, इतकाच त्याचा अर्थ. प्रत्येक नकाशात गाणाऱ्याच्या घराआधी गोळा करणाऱ्याची पायवाट उमटते. हे मोबाइलच्या नकाशालाही लागू आहे. तिथली पायवाट कंपनीची आहे: ज्याच्याकडे फोन, ज्याच्या नावावर खाते, त्याचा कान मोजला जातो. पिरंगुट-कासार आंबोलीच्या कारखान्यांत काम करणारा, खोलीवर चौघांत राहणारा बिहारचा किंवा यवतमाळचा मुलगा रात्री जे ऐकतो ते 'पुणे जिल्ह्याची आवड' म्हणून जमा होते. नवऱ्याच्या फोनवर ऐकणारी बाई नवऱ्याच्या आवडीत जमा होते. जयंतीच्या मंडपात एका फोनवरून लागलेले गाणे हजार माणसे ऐकतात आणि गणतीत ते एक धरले जाते.

ओव्यांच्या संग्रहात मात्र एक गोष्ट आहे जी कंपनीच्या नोंदीत नाही. गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका याबरोबर तिची जात आणि तिचा कामधंदाही तिथे नोंदलेला सापडतो. त्यामुळे माजलगावच्या भीमनगरातल्या बौद्ध बाया बाबासाहेबांवर ओव्या गातात तेव्हा आपल्याला केवळ 'बीड जिल्हा' दिसत नाही, त्या ओवीमागची वस्ती दिसते. ओवीचे रूप डोंगरातल्या मुळशीत आणि गोदावरी खोऱ्यातल्या माजलगावात ओळखू येण्याइतके सारखे आहे. त्यात बाप म्हणून, भाऊ म्हणून, राजा म्हणून भीमराव कुठे येतात हे मात्र प्रदेशाने ठरत नाही. कुठल्याशा नकाशात हे दोन्ही एकदम दाखवता येईल, पण त्यासाठी जात विचारण्याचे धैर्य लागेल. जात विचारू नये असे म्हणणारे पुष्कळदा जात दिसू नये म्हणून म्हणतात.

बाहेरच्या जगातही हा धडा आहे. अमेरिकेत २०१७ साली एका मोठ्या दैनिकाने यूट्यूबच्या आकड्यांवरून गायकांचे तपशीलवार नकाशे छापले. काही हिपहॉप गायकांचे गडद पट्टे दक्षिणेतल्या 'ब्लॅक बेल्ट' म्हटल्या जाणाऱ्या भागावर उमटले. तो भाग कापसाच्या मळ्यांचा, गुलामीचा. तिथे आजही काळ्यांची वस्ती दाट आहे. म्हणजे तो रंग मातीचा नव्हता, कुणाला कुठे बांधून ठेवले होते त्याचा होता. काळ्या लोकांना एका पट्ट्यात कोंबले गेले म्हणून त्यांचा पट्टा नकाशावर दिसतो. आम्हाला प्रत्येक गावाच्या बाहेर एकेक करून ठेवले, म्हणून आमचा दिसत नाही.

फ्रान्समध्ये पिएर बूर्दिए या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली 'ला दिस्तँक्सिओं' हा ग्रंथ लिहिला. कोणाला कुठले संगीत आवडते हे त्याने जमिनीवर न मांडता समाजातल्या जागांवर मांडले: पैसा किती, शिक्षण किती, बापाचा धंदा कोणता. अभिरुची ही निसर्गाची देणगी नाही, माणसामाणसांत अंतर राखण्याचे ते साधन आहे, असे त्याने दाखवले. आपल्या अभ्यासकांना हा फार उपयोगी विचार आहे. तरीही तो जसाच्या तसा घेता येणार नाही. मी प्राध्यापक झालो, पगार आला, पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बसलो. गाणे मला आवडले, मनापासून आवडले. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "घरात गाण्याचं वातावरण होतं का?" मी म्हटले, "होतं. आजी गायची." ते म्हणाले, "म्हणजे शास्त्रोक्त?" पुढचा प्रश्न आडनावाचा होता. बूर्दिएच्या नकाशात माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकू शकतो. आमच्याकडे तो सरकतो आणि त्याची जागा त्याच्यामागे चालत येते.

मग नकाशे टाकून द्यायचे का? मला तसे वाटत नाही. नकाशा हे हत्यार आहे. आजवर ते दुसऱ्यांच्या हाती राहिले. आपल्या विद्यार्थ्यांनी ते वाचायला शिकावे आणि मग हाती घ्यावे. कुठलाही नकाशा पुढे आला की चार गोष्टी विचाराव्यात. कुणाचे कान मोजले? मोजणारा कुठल्या वाटेने गेला? 'अधिक' म्हणजे कशापेक्षा अधिक? आणि ज्यांनी गाणे सोडले त्यांची नोंद कुठे आहे?

त्या मुलीला मी पुढच्या सुट्टीत एक काम दिले. तिच्या वस्तीतल्या प्रत्येक घरी जायचे आणि तीन प्रश्न विचारायचे: कोणते गाणे गाता, ते कुणाकडून शिकलात, आणि कोणते गाणे सोडले व का. तिने वही आणून दिली. तिसऱ्या प्रश्नाची पाने सर्वांत जास्त भरली होती. एका म्हाताऱ्याने सांगितले की त्याच्या बापाने डफ विहिरीत टाकला होता. एका बाईने तिच्या सासूच्या विठ्ठलाच्या ओव्या लिहून दिल्या आणि खाली लिहायला सांगितले, 'आम्ही आता बौद्ध आहोत, पण ह्या तिच्या आहेत.' त्या अडाणी बाईला जे समजले ते मला पदवी घेताना समजले नव्हते.

ती वही आता माझ्या टेबलावर आहे. पुढच्या संमेलनात त्याच भिंतीवर दुसरा नकाशा लावायचा आमचा विचार आहे, राज्याचा नव्हे, एका गावाचा. त्यात वेस काढलेली असेल. बंद पडलेल्या गाण्यांसाठीही एक खूण असेल. प्रत्येक तालुक्यातल्या एखाद्या शिक्षकाने, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावाची अशी वही केली, तर राज्याचा नकाशा नव्याने काढता येईल. म्हातारी माणसे आहेत तोवरच हे काम होणार आहे.